मुहूर्तमेढ कुठे रोवावी?

घरात लग्न ठरले की पहिला आठवडा आनंदात जातो आणि दुसरा जागेच्या चिंतेत. मुलगा पसंत, मुलगी पसंत, पत्रिका जुळली, ‘आम्हांला काही नको’ असे दोन्हीकडच्यांनी तीन-तीनदा बजावून झाले. आता कार्य करायचे कुठे? ‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपण म्हणतो. म्हणीने ही दोन संकटे निरनिराळी मोजली आहेत खरी, पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी ती एकमेकांत गुंतलेली होती. ज्या घरचे लग्न त्या घरच्या दारातच मांडव पडायचा. घर बांधतानाच पुढे ऐसपैस अंगण सोडायचे ते सगळा विचार करून: इथे वाळवण घालता यावे, मुले खेळावीत आणि वेळ आली की लेकीचा मांडव उभा राहावा. ‘जागा बघणे’ हे काम यजमानाच्या यादीत नव्हतेच.

आज ते यादीत पहिले आहे. मी ज्या नवी मुंबईत राहतो आणि मुलांना शिकवतो, तिथे तर मुहूर्ताच्या आधी जागा मिळते की नाही हे पाहावे लागते आणि जागेच्या तारखेला मुहूर्त जुळवून घ्यावा लागतो. त्यातच अलीकडे एक नवी हौस आली आहे. पनवेल, खालापूर, कर्जत या बाजूला ‘ग्रामीण थाटाच्या’ जागा लग्नासाठी भाड्याने मिळू लागल्या आहेत. बांबूचे खांब, कौलारू किंवा गवती छप्पर, बसायला पेंढ्याचे गठ्ठे, दारात बैलांवाचून उभी केलेली बैलगाडी, खांबाखांबाला विजेचे कंदील. पाश्चात्य देशांत शेतावरच्या जुन्या धान्यकोठारांत लग्ने लागतात. ती चित्रे आपल्या मुलामुलींनी पाहिलेली असतात आणि त्यांनाही तसे काहीतरी हवे असते.

वडीलधारी मंडळी या हौसेला हसतात. ‘आम्ही गोठ्यातून बाहेर पडण्यासाठी जन्म घातला आणि ही पोरे पैसे मोजून गोठ्यात चालली!’ असे एका पालकांनी मला ऐकवले. मला मात्र या प्रकाराला नुसते हसून सोडवत नाही. धान्याची जागा आणि लग्नाची जागा यांचे नाते आपल्याकडे फार जुने आहे. इतके जुने, की आपण ते रोज बोलतो आणि आपल्या ध्यानात येत नाही.

आधी खळे म्हणजे काय, ते शहरातल्या बालवाचकांसाठी सांगतो. भात कापून झाले की शेताजवळचा थोडा उंच, मोकळा, वाऱ्याचा तुकडा निवडायचा. गवत तासायचे, माती पाणी मारून चोपून सपाट करायची, आणि वर शेणाचा सडा देऊन सारवून घ्यायचे. ऊन लागले की ती जमीन अशी टणक होते की दाणा मातीत रुतत नाही. मग तिथे भारे आणायचे, झोडायचे, उरलेला दाणा सुटावा म्हणून त्यावर बैल फिरवायचे. मधोमध एक खांब रोवलेला असतो. बैलांची दावण त्याला बांधलेली, आणि बैल त्याच्या भोवती गोल गोल फिरताहेत. या खांबाला कुठे तिवडा म्हणतात, कुठे मेढ. मळणी झाली की वाऱ्यावर उपणायचे, फोल उडून जाते, दाणा पायाशी पडतो, त्याची रास होते. राशीची पूजा झाल्याखेरीज माप लावायचे नाही.

आता ‘मेढ’ हा शब्द पाहा. लग्नाच्या मांडवाचा पहिला खांब, त्याला आपण मुहूर्तमेढ म्हणतो. शाळेची इमारत असो, वाचनालय असो, नाही तर नवे राज्य असो, आरंभ झाला की ‘मुहूर्तमेढ रोवली’ असे आपली वर्तमानपत्रे लिहितात. आमचे संस्कृत मॅट्रिकपुरते. पण अमरकोश चाळताना त्यात ‘मेधि’ हा शब्द सापडला. अमरसिंहाने त्याचा अर्थ दिला आहे तो असा: खळ्यात जनावरे बांधण्यासाठी रोवलेले लाकूड. आपली मेढ त्याच कुळातली. म्हणजे ज्या खांबाला हळदकुंकू वाहून आपण लग्नाचा आरंभ करतो, त्याचे नाव मुळात खळ्यातल्या खांबाचे आहे.

एवढ्यावर हे थांबत नाही. भागवताच्या पाचव्या स्कंधात आकाशाचे वर्णन आहे. ध्रुव आपल्या जागी अढळ, आणि बाकीची सारी नक्षत्रे त्याच्याभोवती फिरतात, कशी? तर खळ्यातल्या मेढीला बांधलेले बैल फिरतात तशी! ज्याने ही उपमा योजली त्याने मळणी डोळे भरून पाहिली असली पाहिजे. लग्न लागल्यावर रात्री नवऱ्या मुलीला ध्रुव दाखवतात, तो याच कल्पनेच्या पोटात बसतो. मांडवात मेढ, आकाशात ध्रुव. आणि दोन्हींच्या मागे ते सारवलेले खळे. चंद्राभोवती कडे दिसले की आपण ‘खळे पडले’ म्हणतो, तेही इथलेच. तळकोकणात तर घरापुढच्या अंगणालाच खळे म्हणतात. भाताच्या दिवसांत ते मळणीचे, शिमग्यात खेळ्यांचे आणि वैशाखात लग्नाच्या मांडवाचे. एकच जागा, पण वर्षातून तीनदा कूस बदलणारी.

आता इंग्रजांच्या कोठाराकडे वळू. त्यांचे जुने कोठार म्हणजे केवळ साठवणीची खोली नव्हे. दोन्ही बाजूंना समोरासमोर मोठाली दारे, आणि त्यांच्या मध्ये मळणीची जमीन. दोन्ही दारे उघडली की आरपार वारा वाहतो आणि धान्य उपणता येते. त्यांच्याकडे पावसाचा नेम नाही, म्हणून त्यांनी खळ्यावर छप्पर घातले. आपल्याकडे पाऊस आपल्या वेळेला येतो आणि बहुधा दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास निरोप घेतो, म्हणून आपले खळे आकाशाखाली राहिले. दोन्ही वस्तू एकच, फरक फक्त ढगांचा. बायबलातल्या रूथच्या गोष्टीतही हेच आहे. परदेशी विधवा रूथ रात्री बवाजाच्या खळ्यावर जाते. तो जव उपणून राशीच्या कडेला झोपलेला असतो. त्यांच्या लग्नाचे बोलणे तिथे होते.

परंतु इंग्लंडात कोठारात लग्न लागणे ही पुरातन रीत आहे असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. तिथे १७५३च्या कायद्याने लग्न देवळात, म्हणजे चर्चमध्येच लागले पाहिजे असे ठरले. पुढे नोंदणी कचेरीची सोय झाली. पण मनाला येईल त्या जागी लग्न लावता येत नसे. १९९४च्या कायद्याने मंजुरी मिळालेल्या इतर वास्तूंत नोंदणी विवाह लावण्याची मुभा दिली, आणि मग जुन्या वाड्यांना नि कोठारांना लग्नसराईचे दिवस आले. आपल्याकडे तशी अडचण कधी नव्हतीच. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने विधी पाहिला, जागा पाहिली नाही. वधू किंवा वर यांपैकी कोणाच्याही रूढीप्रमाणे विधी झाला की पुरे. तो खळ्यावर झाला की महालात, हे कायदा विचारत नाही.

रूढीचा विषय निघाला म्हणून इथल्या आगरी-कोळी समाजाची गोष्ट सांगायला हवी. नवी मुंबई ज्या भूमीवर उभी आहे ती भूमी त्यांची. वाशी, तुर्भे, घणसोली, करावे, दिवाळे, बेलापूर ही आज रेल्वेच्या नाही तर बसच्या पाटीवरची नावे; त्याआधी ती खाडीकाठची गावे होती. खाडीच्या भरतीला बांध घालून, उघाडीतून पाणी सोडून, खारट चिखलातून भात काढायचे आणि पलीकडे मिठागरे राखायची, हे आगऱ्यांचे पिढीजात कसब. यांच्या लग्नात धवलारीण असते. ती समाजातलीच एक जाणती बाई. मांडवाच्या विधीपासून हळदीपर्यंत आणि पुढेही प्रत्येक विधीला ती धवले गाते, आणि तिच्या गाण्यावर लग्न पुढे सरकते. पोथी नाही, सारे तोंडपाठ. ‘धवळे’ हा गीतप्रकार मराठीत केवढा जुना! तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या महदाइसेने श्रीकृष्णाच्या विवाहावर रचलेले धवळे प्रसिद्धच आहेत, आणि त्यासाठी तिला मराठीची आद्य कवयित्री म्हणतात. पंडितांनी ज्याला ग्रंथात जपले ते आमच्या खाडीकाठी बायकांनी गळ्यात जपले.

लग्ने बहुतेक माघ ते वैशाखात. कारण सरळ आहे. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात, पण तेव्हा भात शेतात नाही तर खळ्यावर असते. मळणी आटोपली, हिशेब झाले, कणगी भरली की मगच घरात तांदूळ असतो, हातात पैसा असतो आणि माणसे मोकळी असतात. पेंढा उडवीत रचून झाला की खळे रिकामे. माझ्या ओळखीच्या म्हाताऱ्या मंडळींकडून मी ऐकले आहे, की दारचे अंगण पाहुण्यांना पुरेनासे झाले तर पंगती खळ्यावर बसायच्या. वर बांबू आणि नारळाचे झाप, खाली सारवलेली जमीन. जागेचे भाडे नाही; पुन्हा सारवून द्यायचे एवढेच.

पण खळे म्हणजे नुसता आनंद होता असे मात्र कुणी समजू नये. खळ्यावर हिशेब व्हायचा, आणि त्या हिशेबाला खोत हजर असायचा. कुळाने वर्षभर चिखलात उभे राहून पिकवलेली रास त्याच्या डोळ्यांदेखत वाटली जायची. खोताचे घेऊन उरलेल्यात सावकार, आणि त्यातून उरले तर लेकीचे लग्न. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावाच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली जमीन न कसण्याचा संप पुकारला, तो याच वाट्यासाठी. तो संप १९३९पर्यंत चालला. सहा वर्षे त्या भागात खळी रिकामी राहिली! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या शेतकऱ्यांना पाठिंबा दिला आणि १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरून कसणारी कुळे जमिनीची मालक झाली. त्या वर्षी ज्या घरात लग्न झाले असेल, त्या घरची मेढ पहिल्यांदाच आपल्या मालकीच्या मातीत रोवली गेली असेल.

हा आनंद किती टिकला? तेरा वर्षे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. मुंबईची गर्दी हलकी करण्यासाठी खाडीपलीकडे जुळे शहर वसवावे, अशी योजना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली मांडली होती. सरकारने ती उचलली. त्या वेळच्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतली ९५ गावे, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा टापू शहरासाठी मुक्रर झाला. शेती गेली, मिठागरे गेली, आणि शेतीबरोबर खळी गेली. गावठाणातली घरे तेवढी राहिली.

शहर चांगले झाले, हे मी त्याच शहरात राहून नाकारणार नाही. रुंद रस्ते आहेत, १९९२पासून खाडीवरून लोकल धावते, आणि माझ्यासारख्या शिक्षकाला इथे पोट भरता आले. पण मोल कोणी दिले हेही मुलांना सांगितले पाहिजे. जमिनीला योग्य भाव मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. जानेवारी १९८४मध्ये १६ आणि १७ तारखांना जासई आणि नवघरच्या परिसरात गोळीबार झाला आणि पाच शेतकऱ्यांना हुतात्मा व्हावे लागले. त्या लढ्यातून पुढे १९९०च्या दशकात संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना अमलात आली. म्हणजे आठ वाट्यांतला एक वाटा. खोताच्या काळी खळ्यावर किती वाटा हातात राही, हे आठवणारी माणसे तेव्हा हयात होती. त्यांनी मनात काय तुलना केली असेल ती केली असेल.

याच लोकांच्या नातवंडांची आज लग्ने निघतात. गावठाणात घराला घर लागलेले, अंगणावर मजला चढलेला, गल्लीतून दुचाकी जेमतेम निघते. मग हळद गल्लीत, आणि लग्न मैदानावर किंवा हॉलमध्ये. गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीच्या, म्हणजे आता कमावत्या झालेल्या मुलीच्या घरी मी जागेच्या विचारविनिमयाला होतो. मुलीला कर्जतकडची ती गवती छपराची जागा पसंत होती. सगळ्यांबरोबर मीही बघायला गेलो. जागा छान होती. बापाने भाडे विचारले आणि काही बोलला नाही. आजी मात्र पेंढ्याच्या गठ्ठ्यावर टेकली, मूठभर पेंढा उपसून तिने नाकाशी नेला आणि म्हणाली, “यो भाताचा नाय, गवताचा हाय.” मग मला म्हणाली, “गुरुजी, आमचा खला तं त्या टावरच्या पोटान गेला. यांना इचारा, मेढ कई रोवाची?”

व्यवस्थापकाने अदबीने सांगितले, की तेलाच्या डब्यात वाळू भरून त्यात खांब उभा करून देऊ, हवी तिथे हलवता येईल. जमीन सगळी फरशीची होती. हलवता येणारी मेढ! ज्या खांबाला न हलण्यासाठीच रोवतात, ज्याच्या नावाने ध्रुवाला ओळखतात, तो डब्यात. यात त्या माणसाचा काही दोष नाही. शहरातल्या कुठल्याही कार्यालयात आज हीच सोय असते. पण आजी काही उठेना. परतताना गाडीत कोणी फारसे बोलले नाही.

शेवटी त्या घराने मार्ग काढला तो असा. गावठाणातल्या घराच्या उंबऱ्यापुढे, गल्लीच्या कडेला, एक फरशी उखडली. खाली काळी माती निघाली. तिथे उंबराची फांदी आणि मेढ रोवली, धवलारणीने तिथेच धवला गायला, हळदही तिथेच लागली. अक्षता पडल्या त्या मात्र जवळच्या मैदानावर, कारण पाहुणे हजाराच्या घरात. कर्जतची जागा रद्द झाली म्हणून मुलगी एक दिवस रुसली. पण मेढीला पहिले पाणी घालायला तिलाच पुढे केले, तेव्हा तिचा रुसवा गेला असावा. ती फरशी अजून परत बसवलेली नाही. तिथे आता तुळस आहे.

सर्वांनी असेच करावे, असा माझा आग्रह नाही. ज्यांना गाव नाही, गल्ली नाही, दहाव्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, त्यांनी काय करावे? मंगल कार्यालये काही उगाच निघाली नाहीत. वाड्यांच्या चाळी आणि चाळींच्या इमारती झाल्या, तसे अंगण आक्रसत गेले आणि भाड्याचे अंगण आले. त्याने पुष्कळ मध्यमवर्गीय बापांची अब्रू राखली आहे. शिवाय २०२०च्या साथीत पन्नास माणसांची मर्यादा आली, तेव्हा हॉल ओस पडले आणि कित्येक लग्ने गच्चीवर, ओटीवर, दारातल्या चार हात जागेत लागली. ती काही कमी लागली नाहीत. जागा लहान झाली की लग्न लहान होते, असे नाही.

मात्र ग्रामीण थाटाची जागा पाहायला जाणाऱ्यांना जुन्या खळ्याच्या चार गोष्टी सांगून ठेवतो. खळे घरापासून दूर असे, त्याचे एक कारण पेंढा पेटण्याची धास्ती. म्हणून जिथे होम व्हायचा आणि दिवे लागायचे तिथे छपराला आणि बसायला पेंढा असेल, तर तो दूर करायला सांगा; जुनी माणसे मांडव घालण्याआधी पेंढा उडवीत नेत, ती वेडी नव्हती. खळ्याला वारा लागे, म्हणून दुपारच्या मुहूर्ताला वारा कुठून येतो ते दुपारीच जाऊन पाहा. दिव्यांच्या झगमगाटात, संध्याकाळी पाहू नका. पाणी किती आणि कुठून, हे विचारा. टँकरवर चालणाऱ्या जागेत चैत्रात पाहुण्यांचे हाल होतात. आसपास वस्ती असेल तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात हे आधीच बँडवाल्याला सांगा; त्या वस्तीतल्या लोकांनाही सकाळी कामाला जायचे असते. आणि एवढे सगळे विचारून झाले की शेवटी विचारा, इथे हातभर उघडी माती आहे का? असली तर निम्मे काम झाले.

नवी मुंबईत २०२५च्या ऑक्टोबरात विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी दहा वस्त्यांना उठावे लागले. तिथली अंगणे आता धावपट्टीच्या आसपास कुठेतरी आहेत. उठलेल्या घरांत यंदाही लग्ने निघतील, नव्या वसाहतीत नवे अंगण आखताना कोणीतरी म्हणेल, ‘इथे मेढेपुरती जागा सोडा.’ ती सोडली जावी.

दिवाळी आली. आणखी थोड्या दिवसांनी तुमच्या-आमच्या दारात, गॅलरीत, खिडकीच्या गजाशी तुळशीचे लग्न लागेल. चार उसांचा मांडव, एक कुंडी, ओंजळभर अक्षता. त्या लग्नाला जागा कमी पडली असे आजवर कोणी म्हटलेले मी ऐकले नाही. त्यानंतर ज्यांच्या घरी यंदा कार्य निघायचे असेल, त्यांना भरपूर मुहूर्त, गोड व्याही आणि मऊ माती लाभो!